रिपोर्टातले ‘बीसीएल-२ पॉझिटिव्ह’: पेशीचे मरण, मायटोकॉन्ड्रिया आणि अँटिबॉडी

मानेतली किंवा काखेतली गाठ महिना उलटला तरी उतरत नाही, म्हणून डॉक्टर ती काढून तपासायला पाठवतात. काही दिवसांनी रिपोर्ट येतो. त्यात एकाखाली एक ओळी असतात: सीडी२० पॉझिटिव्ह, सीडी१० पॉझिटिव्ह, बीसीएल-६ पॉझिटिव्ह, बीसीएल-२ पॉझिटिव्ह. घरच्यांची नजर ‘पॉझिटिव्ह’वरच खिळते. कोविडच्या काळात या शब्दाचा जो अर्थ मनात बसला, तो इथे लागू पडत नाही; इथे त्याचा अर्थ त्या नावाचे प्रथिन पेशींत सापडले, एवढाच.

यातल्या शेवटच्या ओळीचा संबंध पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियाशी आहे. पेशीने जगावे की मरावे याचा निकाल बऱ्याचदा तिथे लागतो आणि बीसीएल-२ हे त्या निकालात हात असलेले एक प्रथिन आहे. ते ओळखायला अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक खुणेला जाऊन चिकटणारे प्रथिन, वापरतात. परळच्या पॅथॉलॉजी विभागात स्लाइड वाचणारे डॉक्टर असोत, की कलिन्याला किंवा खारघरला पेशी वाढवणारा एमएस्सीचा विद्यार्थी असो, दोघांनाही एकच धोका असतो. अँटिबॉडी ‘इथे आहे’ एवढेच सांगते आणि ऐकणारा ‘इथे काम करते आहे’ असे ऐकतो. या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते या लेखात पाहू.

पेशी मरते म्हणजे काय होते?

भाजले, चेंगरले किंवा रक्तपुरवठा तुटला तर पेशी फुगून फुटते, आतला ऐवज बाहेर सांडतो आणि आजूबाजूला सूज येते. हा अपघाती मृत्यू. दुसऱ्या प्रकारात पेशी आतूनच, ठरावीक क्रमाने स्वतःला मोडते. ती आकसते, तिच्या केंद्रकातला डीएनए तुकड्यातुकड्यांत कापला जातो, पेशीची आवरणबंद पुडकी होतात आणि शेजारच्या पेशी ती गिळून टाकतात. सूज नाही, सांडलवंड नाही. या नियोजित मृत्यूला केर, वायली आणि करी या तिघांनी १९७२ साली अपॉप्टोसिस हे नाव दिले.

गर्भात बोटे सुटी होतात ती बोटांमधल्या पेशी अशा मरतात म्हणून. एका चिमुकल्या गोलकृमीच्या वाढीत शरीराच्या १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या १३१ नेमक्या ठरल्या वेळी मरतात. या कृमीवरच्या कामासाठी ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चे नोबेल मिळाले. कॅन्सरमध्ये मात्र मरायला हवी ती पेशी मरत नाही.

मायटोकॉन्ड्रियाचा यात काय संबंध?

शाळेत आपण शिकतो की मायटोकॉन्ड्रिया पेशीला ऊर्जा देतात. त्यांना दोन आवरणे असतात आणि त्या दोहोंमधल्या फटीत सायटोक्रोम सी नावाचे १०४ अमिनो आम्लांचे छोटे प्रथिन असते. श्वसनसाखळीत इलेक्ट्रॉन इकडून तिकडे पोचवणे हे त्याचे रोजचे काम. १९९६ साली अमेरिकेत एमरी विद्यापीठात शियाओदोंग वांग यांच्या गटाने पेशीरसातून मृत्यूची साखळी सुरू करणारा घटक शोधायला घेतला, आणि हाती लागला तो हाच सायटोक्रोम सी. इतक्या साध्या, ओळखीच्या प्रथिनाचे हे दुसरे काम कोणाच्या ध्यानीमनी नव्हते.

घरातला पाइपगॅस नळीत असतो तोवर त्यावर चहा उकळतो. तोच गॅस नळीबाहेर पडून स्वयंपाकघरात साठला की जीव धोक्यात येतो. गॅस तोच असतो, फक्त त्याची जागा बदललेली असते. म्हणून महिन्याचे बिल कितीही निरखून पाहिले तरी गळती कळत नाही. सायटोक्रोम सीचेही तसेच आहे. तो मायटोकॉन्ड्रियाच्या आत असेल तर पेशी जगते, बाहेर पेशीरसात आला तर मरते.

बाहेर येण्याची वाट बॅक्स आणि बॅक ही दोन प्रथिने करतात. ती मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणात एकमेकांना जोडून भोके पाडतात. बीसीएल-२ त्यांना आणि त्यांना उठवणाऱ्या प्रथिनांना धरून ठेवते. ती पकड सुटली की सायटोक्रोम सी बाहेर येतो आणि ॲपॅफ-१ नावाच्या प्रथिनाला चिकटतो. सात ॲपॅफ-१ मिळून एक चक्र बनते. त्या चक्रावर कॅस्पेज-९ जागा होतो आणि तो कॅस्पेज-३ ला कापून जागे करतो. कॅस्पेज म्हणजे इतर प्रथिने ठरावीक जागी कापणारे विकर. एकदा कॅस्पेज-३ जागा झाला की शेकडो प्रथिने कापली जातात.

अँटिबॉडी नेमके काय ओळखते?

हाफकिनच्या नावाने मिळणारे सर्पदंशावरचे प्रतिविष म्हणजे घोड्यांच्या रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी. त्यात नाना प्रकारच्या अँटिबॉडींचे मिश्रण असते आणि जीव वाचवायला तेच हवे असते. प्रयोगशाळेत उलट एकाच खुणेला चिकटणारी, दर वेळी हुबेहूब तशीच असणारी अँटिबॉडी लागते. ती अखंड बनवत राहणाऱ्या पेशी तयार करण्याची युक्ती कोलर आणि मिलस्टाइन यांनी १९७५ साली केंब्रिजला शोधली. अशा पेशींच्या एका वंशाला क्लोन म्हणतात आणि प्रत्येक क्लोनला नंबर असतो. प्रथिनाचा ज्या छोट्या भागाला अँटिबॉडी चिकटते तो भाग म्हणजे एपिटोप.

आता मुद्द्याची गोष्ट. अँटिबॉडी अख्ख्या प्रथिनाला ओळखत नाही, एपिटोपला ओळखते. तो एपिटोप घडीत दडला असेल, तापवल्याने उलगडला असेल किंवा रुग्णाच्या जनुकातल्या बदलामुळे वेगळाच झाला असेल, तर प्रथिन समोर असूनही अँटिबॉडी गप्प बसते. सायटोक्रोम सीच्याच दोन प्रचलित क्लोनांचे उदाहरण घ्या. ७एच८.२सी१२ हा उलगडलेल्या प्रथिनाला चिकटतो, म्हणून तो वेस्टर्न ब्लॉटला (प्रथिने उलगडून, जेलमध्ये आकाराप्रमाणे वेगळी करून, पडद्यावर घेऊन अँटिबॉडीने शोधण्याची पद्धत) चालतो. ६एच२.बी४ हा मूळ घडीतल्या प्रथिनाला चिकटतो, म्हणून तो पेशी रंगवायला चालतो. कुपीवर दोन्हीकडे ‘अँटी-सायटोक्रोम सी’ असेच लिहिलेले असते. अदलाबदल झाली की आठवडा वाया जातो आणि दोष पेशींवर ढकलला जातो. मागणी नोंदवताना प्रथिनाच्या नावासोबत क्लोन नंबर आणि त्याचा उपयोग हेही लिहायलाच हवे.

पेशी वाटून त्यातला सायटोक्रोम सी मोजला तर?

तर काहीच कळणार नाही, कारण ते गॅसचे बिल झाले. आत असो की बाहेर, एकूण सायटोक्रोम सी जवळपास तेवढाच. म्हणून पेशीरस आणि मायटोकॉन्ड्रिया आधी वेगळे करावे लागतात, आणि या विषयातल्या निम्म्या चुका इथे होतात.

साधारण १ ते २ कोटी पेशी घ्यायच्या, पीबीएस या थंड खारट द्रावणाने धुवायच्या आणि २५० मिलिमोलर साखर असलेल्या बफरमध्ये बर्फावर ठेवायच्या. साखर हवीच, तिच्याशिवाय मायटोकॉन्ड्रिया पाणी शोषून फुगतात आणि बाहेरचे आवरण फाटते. मग काचेच्या होमोजिनायझरमध्ये दांडा वरखाली करून पेशी फोडायच्या. किती वेळा, हे पेशीच्या जातीवर अवलंबून आहे. दर दहा फटक्यांनी एक थेंब ट्रायपॅन ब्लू या फक्त फुटलेल्या पेशींत शिरणाऱ्या रंगात पाहायचा आणि ८० ते ९० टक्के पेशी निळ्या दिसल्या की थांबायचे. पुढे ७५० जी वेगाने १० मिनिटे फिरवले की केंद्रके आणि न फुटलेल्या पेशी तळाला बसतात. वरचा द्रव १०,००० जी वेगाने १५ मिनिटे फिरवला की तळाला मायटोकॉन्ड्रिया आणि वर पेशीरस. सगळे ४ अंश सेल्सिअसला.

दुसरी वाट डिजिटोनिनची. हा पदार्थ कोलेस्टेरॉलला चिकटून भोके पाडतो. पेशीच्या बाहेरच्या आवरणात कोलेस्टेरॉल भरपूर आणि मायटोकॉन्ड्रियाच्या आवरणात अगदी कमी असते, त्यामुळे मोजक्या मात्रेत फक्त पेशीचेच आवरण उघडते. ती मोजकी मात्रा प्रत्येक पेशीजातीसाठी स्वतः शोधावी लागते. मिलिलिटरला २५ ते २०० मायक्रोग्रॅमपर्यंत पाच-सहा मात्रा लावून, बर्फावर ५ मिनिटे ठेवून पाहावे. दुसऱ्याच्या पेपरातला आकडा तसाच उचलला की हमखास फसगत होते.

गोठवलेल्या पेशी या कामाला वापरूच नयेत. बर्फाचे स्फटिक मायटोकॉन्ड्रियाचे आवरण फाडतात आणि औषध दिलेले असो वा नसो, सायटोक्रोम सी बाहेर दिसतो. ‘आज पेशी उणे ८० ला ठेवू, सोमवारी बघू’ म्हटले की प्रयोग तिथेच संपला.

सायटोक्रोम सीची पट्टी १२ ते १५ किलोडाल्टनच्या (हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) आसपास येते. त्यासाठी १५ टक्के जेल आणि ०.२ मायक्रॉन छिद्रांचा पडदा घ्यावा. नेहमीच्या ०.४५ मायक्रॉनच्या पडद्यातून इतके छोटे प्रथिन आरपार निघून जाऊ शकते. दर खान्यात २० ते ३० मायक्रोग्रॅम प्रथिन पुरते. पेशीरसाच्या खान्यात मायटोकॉन्ड्रिया मिसळले नाहीत हे दाखवायला बरेच जण कॉक्स-४ या मायटोकॉन्ड्रियातल्या प्रथिनाची पट्टी दाखवतात. ती १७ किलोडाल्टनला, म्हणजे सायटोक्रोम सीच्या अगदी अंगाला येते, म्हणून ३२ किलोडाल्टनचे व्हीडॅक सोयीचे.

यापेक्षाही बारीक एक फसवणूक आहे. कॉक्स-४ आतल्या आवरणात रुतलेले असते आणि व्हीडॅक बाहेरच्या. हाताळताना बाहेरचे आवरण फाटले तरी दोन्ही जागच्या जागी राहतात आणि सायटोक्रोम सी मात्र निसटतो. ब्लॉट अगदी स्वच्छ दिसतो, निष्कर्ष चुकलेला असतो. यावर उपाय एकच. औषध न दिलेल्या निरोगी पेशींचा पेशीरस त्याच दिवशी, त्याच हाताने काढून शेजारच्या खान्यात लावायचा. तिथे सायटोक्रोम सी दिसला तर त्या दिवशीचा सगळा ब्लॉट रद्द. आणि पद्धत चालते आहे हे दाखवायला एका थाळीला स्टॉरोस्पोरिन हे पेशींना अपॉप्टोसिसकडे ढकलणारे रसायन १ मायक्रोमोलर, ३ ते ६ तास द्यावे.

बॅक्सची पट्टी वाढली म्हणजे बॅक्स जागे झाले का?

नाही. निरोगी पेशीत बॅक्स पेशीरसात घडी घालून पडलेले असते. जागे झाले की त्याचा आकार बदलतो, सुरुवातीचा दडलेला भाग उघडा पडतो आणि ते मायटोकॉन्ड्रियावर जाऊन बसते. ६ए७ हा क्लोन फक्त त्या उघड्या भागाला चिकटतो, म्हणून तो इतका मोलाचा.

पण वेस्टर्न ब्लॉटमध्ये नमुना एसडीएस हा तीव्र साबण घालून उकळतात. तिथे सगळेच बॅक्स उलगडते आणि ६ए७ सगळ्यालाच चिकटते. जागे बॅक्स पकडायचे तर बारीक मण्यांना जोडलेल्या ६ए७ ने ते न उकळता द्रावणातून ओढून काढावे लागते. इथे पेशी विरघळवायला कोणता साबण वापरता यावर सगळे अवलंबून आहे. ट्रायटन एक्स-१०० किंवा एनपी-४० वापरले तर ते साबणच बॅक्सचा आकार बदलतात आणि निरोगी पेशीतही जागे बॅक्स दिसते. १ टक्का चॅप्स वापरले तर असे होत नाही. बहुतेक प्रयोगशाळांत तयार बफरची बाटली ट्रायटनचीच असते, तेव्हा हे मुद्दाम आठवून बदलावे लागते.

पुढची अडचण पट्टीच्या जागेची. ओढायला वापरलेल्या अँटिबॉडीची हलकी साखळी (तिचा छोटा तुकडा) २५ किलोडाल्टनला उमटते. बॅक्स २१ ला आणि बीसीएल-२ तर २६ ला. ठळक पट्टी पाहून विद्यार्थी खूश होतो, आणि ती असते अँटिबॉडीचीच. म्हणून ओढताना उंदराची ६ए७ वापरली तर ब्लॉटवर सशाची बॅक्स-अँटिबॉडी लावावी. शिवाय नमुना न घालता फक्त अँटिबॉडी आणि मणी असलेला एक खाना हवाच.

कापलेला कॅस्पेज-३ दिसला, आता तरी सिद्ध झाले?

पेशी नियोजित मार्गाने मरते आहे, एवढे बऱ्यापैकी सिद्ध झाले. त्या मार्गात मायटोकॉन्ड्रिया होते की नाही हे अजून सिद्ध व्हायचे आहे. कापलेल्या कॅस्पेज-३ ची अँटिबॉडी कापल्यावर तयार झालेल्या टोकाला चिकटते, अखंड प्रथिनाला नाही; पट्ट्या १७ आणि १९ किलोडाल्टनला येतात. पण कॅस्पेज-३ ला कापणारा दुसरा मार्गही आहे. पेशीच्या पृष्ठभागावरच्या मृत्यू-ग्राहकांकडून निरोप आला की कॅस्पेज-८ थेट हे काम करू शकतो. दोन मार्गांना जोडणारे प्रथिन म्हणजे बिड. ते २२ वरून १५ किलोडाल्टनचे झाले की समजावे, बाहेरून आलेला निरोप मायटोकॉन्ड्रियापर्यंत निघाला आहे.

मुंबईत काय किंवा कुठेही काय, स्तनाच्या कॅन्सरवर काम करणाऱ्यांच्या हाती बहुधा एमसीएफ-७ पेशी असतात. त्यांच्यात कॅस्पेज-३ चे जनुकच तुटलेले आहे. त्यामुळे कापलेल्या कॅस्पेज-३ ची पट्टी तिथे कधीच येणार नाही, अँटिबॉडी कितीही महाग असो. तिथे पार्प हे प्रथिन ११६ वरून ८९ किलोडाल्टनचे झाले का ते पाहावे. कॅस्पेज-७ ते काम करतो.

क्रम ठरवायचा असेल तर झी-व्हॅड हा कॅस्पेज-रोधक २० ते ५० मायक्रोमोलर द्यावा. कॅस्पेज बंद असूनही सायटोक्रोम सी बाहेर आला, तर गळती आधी आणि कापाकापी नंतर, असे म्हणता येते.

एकेक पेशी पाहिली तर?

तर चित्र आणखी स्पष्ट होते. ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने पेशी आधी पक्क्या करायच्या, मगच ०.१ ते ०.२ टक्के ट्रायटनने आवरण उघडायचे. उलट केले तर सायटोक्रोम सी धुऊन जातो. सोबत टॉम२० या मायटोकॉन्ड्रियाच्या बाहेरच्या आवरणातल्या प्रथिनाची अँटिबॉडी वेगळ्या रंगात लावायची. निरोगी पेशीत दोन्ही रंग एकाच धाग्यांवर दिसतात. गळती झालेल्या पेशीत टॉम२० जागेवर राहते आणि सायटोक्रोम सी सगळीकडे फिकट पसरतो. मरणाऱ्या पेशी काचेवरून सुटून वाहून जाऊ नयेत म्हणून इथेही झी-व्हॅड उपयोगी पडतो.

सायटोक्रोम सीला चमकणारी खूण जोडून २००० साली जिवंत पेशींवर केलेल्या प्रयोगांत एका पेशीतली गळती सुमारे ५ मिनिटांत पूर्ण झालेली दिसली. ब्लॉटवर ती तासनतास हळूहळू वाढताना दिसते, कारण प्रत्येक पेशीची वेळ वेगळी आणि ब्लॉट सगळ्यांची सरासरी दाखवतो.

आता रिपोर्टातली ती ओळ

बीसीएल-२ सापडले ते फॉलिक्युलर लिम्फोमा या बी पेशींच्या (अँटिबॉडी बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींच्या) कॅन्सरमुळे. या कॅन्सरमध्ये १४ आणि १८ क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात आणि बीसीएल-२ चे जनुक अशा ठिकाणी येते जिथे बी पेशी सतत अँटिबॉडी बनवण्याचा हुकूम देत असते. परिणामी बीसीएल-२ अखंड बनत राहते. हे प्रथिन पेशींची वाढ न वाढवता त्यांचे मरण थांबवते, हे व्हॉक्स, कोरी आणि ॲडम्स यांनी मेलबर्नमध्ये १९८८ साली दाखवले.

बीसीएल-२ निरोगी शरीरातही असते. गाठीतल्या टी पेशींत ते असते, कडेच्या बी पेशींतही असते. जंतुसंसर्गाने सुजलेल्या साध्या गाठीत मधल्या गोलाकार केंद्रांतल्या बी पेशींत मात्र ते नसते, कारण तिथे निवड चालू असते आणि निकामी पेशी मरायलाच हव्यात. फॉलिक्युलर लिम्फोमात बहुतेकदा त्या गोलांतल्या पेशीही बीसीएल-२ ने रंगतात. म्हणजे पॅथॉलॉजिस्ट इथेही ‘किती’पेक्षा ‘कुठे’ हेच पाहतात. सुटी ‘बीसीएल-२ पॉझिटिव्ह’ ही ओळ वाचून घाबरू नये आणि तिच्यावरून निदानही करू नये. रिपोर्टाच्या शेवटी सगळ्या ओळी आणि पेशींची रचना मिळून जो निष्कर्ष लिहिलेला असतो, तो महत्त्वाचा.

आणि ‘निगेटिव्ह’ आले तर? वर्षानुवर्षे वापरात असलेला १२४ हा क्लोन बीसीएल-२ मधल्या ४१ ते ५४ क्रमांकांच्या अमिनो आम्लांना चिकटतो. काही रुग्णांत नेमक्या याच भागात जनुकीय बदल झालेले असतात. प्रथिन भरपूर असते, कामही करत असते, पण १२४ ला ते दिसत नाही. ई१७ किंवा एसपी६६ हे दुसऱ्या भागाला चिकटणारे क्लोन लावले की तीच स्लाइड रंगते. रचना लिम्फोमासारखी आणि बीसीएल-२ निगेटिव्ह, असा पेच पडला तर कोणता क्लोन वापरला हे डॉक्टरांना विचारणे अगदी रास्त आहे.

पॉझिटिव्ह आहे, मग गोळी चालेल ना?

व्हेनेटोक्लॅक्स ही गोळी बीसीएल-२ च्या पकडीच्या खाचेत बसते आणि धरलेली प्रथिने सोडवते. अमेरिकेत तिला एप्रिल २०१६ मध्ये क्रॉनिक लिम्फोसायटिक ल्युकेमिया या रक्ताच्या कॅन्सरच्या एका प्रकारासाठी मंजुरी मिळाली. ती इतकी जोरात काम करू शकते की पेशी एकदम मरून त्यांचा ऐवज रक्तात उतरतो आणि मूत्रपिंडे धोक्यात येतात. म्हणून त्या आजारात ती रोज २० मिलिग्रॅमपासून सुरू करून ५०, १००, २०० असे दर आठवड्याला वाढवत पाचव्या आठवड्यात ४०० पर्यंत नेतात.

पण फॉलिक्युलर लिम्फोमात बीसीएल-२ भरपूर असूनही ही गोळी एकटी तितकी प्रभावी ठरलेली नाही. प्रथिन आहे एवढेच अँटिबॉडीने सांगितले. त्याने हातात काय धरून ठेवले आहे, आणि एमसीएल-१ किंवा बीसीएल-एक्सएल ही भावंडे त्याची जागा घ्यायला तयार आहेत का, हे तिने सांगितलेले नाही. यासाठी बोस्टनच्या अँथनी लेटाई यांनी वेगळी चाचणी बसवली. रुग्णाच्या जिवंत पेशींचे आवरण डिजिटोनिनने उघडून त्यांना बीसीएल-२ कुळातल्या मृत्यू-प्रथिनांचे छोटे तुकडे देतात आणि सायटोक्रोम सी आत राहिला की निसटला, हे अँटिबॉडीने मोजतात. कोणत्या तुकड्याने गळती झाली त्यावरून पेशी कोणाच्या आधाराने जगते आहे ते कळते. ही अजून मुख्यतः संशोधनातलीच चाचणी आहे.

गाठ काढल्यावर काय जपावे?

गाठ काढल्याबरोबर पॅथॉलॉजिस्टना जिवंत पेशी हव्यात का, हे शस्त्रक्रियेआधीच विचारून ठेवावे. नको असतील तर ती लगेच १० टक्के बफर्ड फॉर्मलिन या पेशी टिकवणाऱ्या द्रावणात, गाठीच्या निदान दहापट द्रवात जायला हवी. उपनगरातल्या नर्सिंग होममधून सलाइनच्या बाटलीत घालून दुपारच्या ट्रॅफिकमधून दोन तासांनी लॅबला पोचवलेली गाठ आतून सडायला लागलेली असते आणि अशा पेशी कुठल्याच अँटिबॉडीने धड रंगत नाहीत. फॉर्मलिन आत शिरते तेही ताशी जेमतेम १ मिलिमीटर, म्हणून मोठी गाठ चिरूनच बुडवावी लागते.

दुसरे मत घ्यायला जाताना फक्त रिपोर्ट आणि रंगवलेल्या स्लाइड नेऊन भागत नाही. नवी अँटिबॉडी लावायला नवा छेद लागतो आणि तो पॅराफिन ब्लॉकमधूनच, म्हणजे मेणात रोवून ठेवलेल्या गाठीच्या तुकड्यातूनच निघतो. आधीच कापून ठेवलेले छेद काही आठवड्यांत हवेने फिके पडतात, ब्लॉक मात्र वर्षानुवर्षे टिकतो. पहिल्या लॅबला अर्ज देऊन ब्लॉक मागून घ्यावा, त्यावरचा नंबर रिपोर्टातल्या नंबराशी जुळवून पाहावा, आणि मे महिन्यात तो बंद गाडीत उन्हात ठेवू नये.